सुभेदारांच्या चार खेपा

रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: सांगलीतलं विजेच्या गाड्यांचं एक शोरूम. हजर: सुभेदार हणमंतराव ओंबासे (निवृत्त), त्यांच्या पत्नी मालनकाकू, गाडी दाखवणारी प्राजक्ता नावाची मुलगी, मी, आणि काठोकाठ पाण्याने भरलेला एक पितळी तांब्या.

तांब्याचं नाव हजेरीत मुद्दाम घेतलं. त्या दिवशी परीक्षक तोच होता.

प्राजक्ताने गाडीची माहिती पाठ केली होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "ते मागनं. आदी काकूला पुढं बसीव." काकू पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर तांब्या. सुभेदारांनी गाडी बाहेर काढली. दोन गतिरोधक, एक उकरून ठेवलेला रस्ता, एक अंगावर येणारं वळण, आणि परत. परतल्यावर त्यांनी खिशातून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण काढलं आणि तांब्या पुन्हा भरायला किती टोपणं पाणी लागतं ते मोजलं.

"एकोणीस," ते म्हणाले. "ताई, लिहा."

मी लिहिलं. प्राजक्ताला राहवेना. "सर, पण गाडी घेताना पाण्याचा काय संबंध?"

"पोटात पाणीच आसतंय की, पोरी."

मग ते मागच्या सीटवर एकटे जाऊन बसले. काचा वर केल्या, डोळे मिटले आणि पाच मिनिटं नुसते नाकाने श्वास घेत राहिले. शोरूममधली बाकीची गिऱ्हाइकं काचेतून बघत होती. बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला, "वास येतुया."

"नव्या गाडीचा आहे, सर. लोकांना तो फार आवडतो."

"लोकांना आवडू दे," सुभेदार म्हणाले, आणि आम्ही साताऱ्याला परत निघालो. हे त्यांचं सहावं शोरूम होतं.

सुभेदार साताऱ्यात बावीस वर्षं माझे शेजारी आहेत. मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढे. अठ्ठावीस वर्षं फौजेत ट्रक चालवला, बर्फात आणि वाळवंटात. निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत घर बांधलं. वय अडुसष्ट, पाठ अजून सरळ, मिशी रोज कातरलेली. कुणाकडेही गेले की चपला काढून त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवतात. लग्नाला गेले तर हॉलमध्ये शिरण्याआधी गाडी बाहेर काढायची वाट बघून येतात. माझ्या मुलीला सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. सुभेदारांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "जायचं ठरलं. परत यायचं बोला."

हे त्यांचं पालुपद. "आवं ताई, जाताना समदीच जात्यात. परत यायचं बोला." लडाखमध्ये ट्रक चालवलेला माणूस असं बोलला तर त्यात नवल नाही, असं मी धरून चालले होते.

त्यांची आणखी एक गोष्ट कॉलनीत चघळली जाते. एवढं टुमदार घर, पुढे बाग, मागे विहीर, पण त्यांनी वास्तुशांत केलेली नाही. बावीस वर्षं बिनवास्तुशांतीच्या घरात राहताहेत. कुणी म्हणे देवावर विश्वास नाही, कुणी म्हणे जेवणावळीला भितात. मी एकदा सरळ विचारलं. "व्हईल की. घाई काय," म्हणाले, आणि गुलाबाला पाणी घालायला गेले.

आमची खरी गट्टी जमली ती गाड्यांच्या तक्त्यामुळे. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. दर आठवड्याला सांगलीला मुलीकडे खेप होऊ लागली आणि पेट्रोलचा आकडा डोळ्यांवर यायला लागला, तेव्हा मी विजेच्या गाड्यांचा तक्ता करायला घेतला. परवडणाऱ्या आणि लांब पल्ल्याच्या अशा तीन गाड्या आडव्या ओळींत. उभे रकाने चौदा: रस्त्यावर येईपर्यंतची किंमत, कंपनी सांगते तो पल्ला, वापरणारे सांगतात तो पल्ला, घरच्या प्लगवर किती तास, रस्त्यावरच्या चार्जरवर किती मिनिटं, बॅटरीची हमी, डिकी, जमिनीपासूनची उंची, वगैरे. घरी चार्ज केली तर पेट्रोलच्या चौथाईत काम होतं आणि बाहेर चार्ज केली की निम्मा फायदा तिथेच जातो, हे मला त्या तक्त्यानेच शिकवलं.

सुभेदारांनी कुंपणावरून तक्ता बघितला आणि त्या दिवसापासून तो दोघांचा झाला. गाड्यांची इंग्रजी नावं त्यांना पसंत पडली नाहीत. सगळ्यांत लहान, स्वस्त आणि गल्लीबोळात वळणारी गाडी झाली 'शेरडी'. मोठ्या डिकीची, जरा सुस्त, ती 'म्हस'. आणि लांब, देखणी, पल्ल्याची, तिघींत महाग, ती 'खिल्लार'. माणच्या माणसाने दुसरी नावं काय ठेवावीत!

भांडण झालं ते पल्ल्यावरून.

"खिल्लारीचा फळ्यावर किती ल्हिवलाय?"

"चारशे साठ."

"म्हंजी घाट, वारा, माणसं धरून सव्वातीनशे. आन् शेरडीचा?"

"तीनशेच्या आत. खरा दोनशेच. पण तुम्हाला दोनशे पुष्कळ झाला की. तुमचं गाव बहात्तर किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे चव्वेचाळीस."

"चार खेपा."

"दोन, सुभेदार. जायची एक, यायची एक."

"चार."

मी कागदावर बाण काढून दाखवले. सातारा ते गाव, गाव ते सातारा. त्यांनी शांतपणे माझ्या हातातलं पेन घेतलं, खाली २८८ लिहिलं आणि त्याभोवती गोल केला. वरून सांगितलं, "एका दमात. मधी नळी लावायची न्हाई." घरी दुपारी दोनतीन तास प्लग लावला तरी पन्नाससाठ किलोमीटरची भर पडते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "आन् त्याच टायमाला लाइट गेली तर? लाइटीच्या जिवावर कुणाला बोलवू नी." त्यांचा हिशोब वयामुळे घसरायला लागला असावा, असं तेव्हा मला वाटलं होतं. हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

मग त्यांनी पंधरावा रकाना मागितला: वास. मी नाही म्हटलं. वास मोजायचा कशात? त्यांनी तक्त्याच्या कडेला पेन्सिलीने स्वतःच रकाना आखला. त्याच्या शेजारी सोळावा, तांब्याचा.

मी वर्षाच्या आत निर्णय घेतला. तक्त्यात पहिली आली ती खिल्लार, आणि खिल्लारच मी घेतली. सुभेदार मात्र तीन वर्षं तांब्या घेऊन फिरत राहिले. साताऱ्यातली दोन्ही शोरूम त्यांना ओळखायला लागली होती. एकात तर त्यांना बघितलं की शिपाई आपणहून पाण्याची बादली आणून ठेवायचा.

चार्जिंगचं शास्त्र मी वाचून शिकले, त्यांना ते उपजतच होतं. एकदा सांगलीहून परतताना माझी गाडी उंब्रजपाशी सोळा टक्क्यांवर आली. आदल्या दिवशी प्लग लावायचा राहून गेला होता.

"एवढ्या याद्या करता," सुभेदार म्हणाले, "आन् त्यात नळीच न्हाई व्हय?"

हायवेवरच्या हॉटेलशेजारी चार्जर होता, पण त्याला एक गाडी लागलेली आणि आत एक जाडजूड पाहुणे तोंड उघडं टाकून झोपलेले. सुभेदारांनी चार्जरच्या पडद्यावरचा आकडा वाचला आणि काचेवर टकटक केली.

"राम राम पाव्हणं. ऐंशी झालं. सोडा की आता."

"शंभर होऊ द्या की, मामा."

"आवं, ऐंशीच्या पुढं ती म्हाताऱ्यागत चढती. दर पायरीला बसती. तुमी जायचं कुठं?"

"कऱ्हाडला."

"कऱ्हाडला!" सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. "आवं, कऱ्हाडला तर ढकलत न्याल. हितनं शंभर घिऊन काय घरी दिवा लावताय काय?"

पाहुणे हसले आणि नळी सोडली. वर आम्हाला चहाही पाजला. निघताना सुभेदारांनी त्यांना गाडी कशी उलटी लावावी, म्हणजे बाहेर काढताना वळवावी लागत नाही, यावर दहा मिनिटं सांगितलं.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी गाडी घेतली. कुठली? माझ्या तक्त्यात दुसरी आलेली म्हस. तीही नवी नाही! सांगलीच्या त्याच शोरूममध्ये गिऱ्हाइकांना फिरवायला ठेवलेली, दीड वर्ष वापरलेली. मी वैतागले. "अहो, नवीवर सूट मिळत होती."

"हिचा वास गेलाय," ते म्हणाले. "आन् तांब्या, फकस्त सात टोपणं."

गाडी घरी आली तो शनिवार होता. पूजेची यादी अर्थातच माझ्याकडे. नारळ, हार, हळदकुंकू, लिंबू, पेढे, उदबत्ती. एकही वस्तू विसरले नाही. सुभेदार आत कपडे बदलायला गेले होते. मी चाकांखाली लिंबं ठेवली, पुढे हार घातला, आणि गाडीत मधल्या खाचेत केळ्याचा तुकडा ठेवून त्यात चंदनाच्या पाच उदबत्त्या खोचून पेटवल्या. धूर बाहेर जाऊन वाया जाऊ नये म्हणून काचा वर केल्या. हेसुद्धा मीच.

सुभेदार पायरीवर आले आणि थांबले. गाडीच्या काचा आतून पांढुरक्या झाल्या होत्या.  त्यांनी जाऊन चारही दारं उघडली, डिकी उघडली, केळ्यासकट उदबत्त्या काढून तुळशीपाशी नेऊन ठेवल्या. मग गाडीत डोकं घालून एक लांब श्वास घेतला, आणि पायरीवर येऊन बसले. त्यांची ती सरळ पाठ मी पहिल्यांदा वाकलेली बघितली.

"माझं काही चुकलं का?"

"न्हाई ताई. तुमचं काय बी चुकलं न्हाई. म्याच सांगितलं न्हाई." एवढं बोलून ते आत गेले.

मग काकूंनी सांगितलं.

गावाकडे सुभेदारांची थोरली बहीण आहे, अक्का. त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. सुभेदार दीड वर्षाचे असताना आई गेली. त्यांना अक्काने कडेवर वाढवलं, शेरडीच्या दुधावर. तिचं लग्न झालं, पण दोन वर्षांत कुंकू गेलं आणि ती माहेरी परत आली. "ह्यांच्यासाठीच आली म्हना," काकू म्हणाल्या.

आणि अक्काला गाडी लागते. साधीसुधी नाही. डिझेलचा नुसता वास आला तरी पदर तोंडावर जातो. सुभेदार सुट्टीवर यायचे, तेव्हा घरात घ्यायच्या आधी अक्का त्यांना विहिरीवर आंघोळीला पाठवायची. "ट्रक धुऊन ये आदी," म्हणायची. आमच्या कॉलनीतल्या घराच्या पायाचा दगड बसवताना तिला जीपमधून आणायला निघाले, तर पुसेगावपर्यंत तिच्या अंगात त्राण राहिलं नाही. सलाइन लावावं लागलं. त्यानंतर ती कशातच बसली नाही.

"अठ्ठावीस वर्सं गाडी चालवली, ताई, आन् भन येकदा बी त्यात बसली न्हाई. ती आल्याबिगर वास्तुशांत करायची न्हाई म्हंत्यात. तिला घर दावायचंय. उद्या यायला तयार झाल्ती. तीन वर्सं मिनत्या केल्या तवा."

"पण ती राहायला आली तर..."

"ऱ्हाती कसली! तिची शेरडं हायती. सांजला धारंला घरी पायजे. म्हनून तर जायचं, आनायचं, सोडायचं, परत यायचं."

चार खेपा. माझ्या चौदा रकान्यांत त्या कुठे बसल्या नव्हत्या.

पुढचे बारा दिवस ती गाडी सुभेदारांच्या अंगणात चारही दारं उघडी टाकून उभी होती, पापड वाळत घालावेत तशी. आत कडुनिंबाचा पाला, मग कोळशाचे तुकडे, मग नुसतं ऊन. एक मांजर मागच्या सीटवर मुक्कामाला येऊ बघत होतं, म्हणून सुभेदार काठी घेऊन खुर्चीवर पहाऱ्याला. कॉलनीतले लोक जाता-येता विचारत, "सुभेदार, गाडी बिघडली काय?" ते म्हणत, "न्हाई, नाक मुरडतीया." रोज संध्याकाळी मला बोलवून ते आत बसवायचे. "ताई, बघा. खरं सांगा." मी श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "अजून आहे." तेराव्या दिवशी मी म्हटलं, "गेला." त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पण तोवर अक्काचं मन बदललं होतं. "मग ऱ्हाऊ दे, हणमा," फोनवर म्हणाली.

इथून पुढचं मी ऐकलेलं आहे, पण तारीखवार ऐकलेलं आहे. पहिल्या रविवारी सुभेदार बहात्तर किलोमीटर गेले. अक्का अंगणात उभ्या गाडीत अर्धा तास बसली आणि उतरली. दुसऱ्या रविवारी वेशीपर्यंत. तिसऱ्या रविवारी देवळापर्यंत. चौथ्याला तिच्या दोन शेळ्या व्यायल्या होत्या, वेळ नव्हता. सुभेदारांनी गोठा झाडला आणि परत आले. पाचव्याला दहिवडीचा बाजार. तीनशेवर किलोमीटर चालणारी गाडी, आणि तिच्यातून एका वेळी वेशीपर्यंत! मी मनात हसले.

सहाव्या रविवारी त्यांनी मला बरोबर नेलं. "तुमी बी या. तुमचं नाक चांगलं हाय."

अक्का लहानखुरी, काटक, हिरव्या लुगड्यातली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "उदबत्तीवाली बाई व्हय?" मी मान खाली घातली. "आसू दे. देवाचंच केलंस न्हवं?"

ती पुढे बसली. काच पूर्ण खाली. मांडीवर तांब्या, काठोकाठ. मागे काकू आणि मी. जरा वेळाने अक्का म्हणाली, "हणमा, सुरू कर की रं. किती येळ बसवून ठेवतूस?"

"अक्का, गावाची येस मागं गेली."

तिने मान वळवून मागे बघितलं. मग तांब्याकडे. "दर बारीला फसवती. आवाजच न्हाई मुडदीला," म्हणाली, आणि पदर तोंडावर न घेता गालातल्या गालात हसली. सुभेदार समोर बघून चालवत होते. एवढ्या हळू की एक सायकलवाला घंटी वाजवून आम्हाला मागे टाकून गेला. बर्फात ट्रक चालवलेला माणूस, पण दर खड्ड्याला अंड्यावरून चालल्यासारखा ओठ दाबून धरत होता.

दहिवडी गेली. पुसेगाव आलं. काकूंनी माझा हात घट्ट धरला. पुसेगावात अक्का नुसती म्हणाली, "हितं सलाइन लावलं हुतं," आणि पुढे बघत राहिली. मग वर्धनगडाचा घाट. घाट सुरू होतो तिथे सुभेदारांनी गाडी कडेला घेतली. अक्का उतरली. वाऱ्यावर पदर धरून उभी राहिली. खाली वळणं वळणं दिसत होती, आणि पलीकडे धुरकट सपाटी.

"त्या अंगाला काय हाय?"

"कोरेगाव. मग सातारा. तीसेक किलोमीटर ऱ्हायलं, अक्का. माझं घर."

तिने बराच वेळ बघितलं. वळणं मोजत असावी. मग विचारलं, "परत जायला पुरंल नव्हं?"

सुभेदारांच्या तोंडचं पालुपद कुठून आलं, ते मला तेव्हा कळलं. ते म्हणाले, "पुरंल की. जाऊन, येऊन, वर उरंल."

"मग आज बास. शेरडं वराडत आसत्याल."

मी सुभेदारांच्या चेहऱ्याकडे बघितलं. वाटलं होतं, ते एकदा तरी म्हणतील, 'एवढी आलीस, घाट तेवढा उतर.' ते म्हणाले, "बरं." गाडी त्यांनी आधीच वळवून, गावाकडे तोंड करून लावली होती.

अक्काने तांब्या उचलून त्यांच्यापुढे धरला. एवढ्या वाटेत टॉवेल जेमतेम ओला झाला होता. "घे, पी. सकाळधरनं तू काय बी घेतलं न्हाईस." सुभेदारांनी तांब्या दोन्ही हातांत धरला आणि उभ्यानेच पाणी घटाघटा प्यायलं. अर्धं मिशीवरून शर्टावर सांडलं. ते किती टोपणं होतं, हे कुणी मोजलं नाही.

परत आल्यावर मी नवी यादी केली. ती माझ्या टेबलावर काचेखाली आहे. वास्तुशांत, ओंबासे यांचे घर. गुरुजींशी बोलणे: झाले. पाने पन्नास: ठरले. आचारी: ठरला. अक्कांसाठी हिरवे लुगडे: आणले. शेरडांच्या धारेला शेजारच्या बाई: कबूल झाल्या. उदबत्ती: फक्त देवघरात, गाडीपासून लांब.

प्रत्येक ओळीपुढे खूण आहे. फक्त सगळ्यांत वरची ओळ, तारखेची, अजून कोरी आहे. घाट उतरायचा राहिलाय.